कातळात मुरलेलं



मला शिकवणाऱ्या सरांच्या नावाच्या या व्याख्यानमालेत मी अनेक वर्षं श्रोत्यांत बसले आहे. आज इथे उभं राहताना मला त्यांचा एक तास आठवतो. एप्रिल महिना, सकाळचे सात, आणि आम्ही बारा-पंधरा विद्यार्थी गिट्टीखदानीच्या बाजूला एका उघड्या कातळावर. सरांनी हातातला लोटा कातळावर रिता केला आणि म्हणाले, “आता बघत बसा, बोलायचं नाही.” पाणी पसरलं, थोडं उन्हाने वाळलं, थोडं उतारावरून ओघळलं, आणि उरलेलं एका केसाएवढ्या भेगेत शिरून नाहीसं झालं. ती भेग तोवर आमच्यापैकी कुणालाही दिसली नव्हती. पाण्याने ती दाखवली. सरांनी मग एवढंच विचारलं, “ते कुठे गेलं?” कुणालाच सांगता आलं नाही. पुढे माझी सगळी नोकरी त्या एका प्रश्नामागे गेली, फक्त लोट्यात पाण्याऐवजी कारखान्यातलं सॉल्व्हंट होतं.

समोरच्या टेबलावर तीन बंद बरण्या ठेवल्या आहेत. तिन्हींत पाणी आहे. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत वरून रॉकेल घातलंय, ते साईसारखं तरंगतंय. तिसरीत तळाशी जो लाल थर दिसतो, ते ट्रायक्लोरोएथिलीन. कारखान्यात त्याला टीसीई म्हणतात. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस धुऊन काढायला जगभर हे सॉल्व्हंट वापरलं गेलं. लाल रंग मी घातलाय, मागच्या रांगेतून दिसावा म्हणून. एरवी ते पाण्याइतकंच नितळ असतं. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, घनता 1.46. पाण्यापेक्षा पातळ, त्यामुळे पाणी जिथे अडतं तिथूनही ते निसटतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीतला फरक नीट पाहून घ्या. पेट्रोल किंवा डिझेल जमिनीत गळलं तर ते भूजलाच्या पृष्ठावर येऊन थांबतं. ते शोधता येतं, बरंचसं उपसता येतं, आणि मातीतले जिवाणू ते हळूहळू खातातही. टीसीई, परक्लोरोएथिलीन, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड ही मंडळी भूजलापाशी थांबत नाहीत. पाण्यातून खाली जातात, एखाद्या घट्ट थरावर डबक्यासारखी साचतात, त्या थराला भेग सापडली की पुन्हा खाली. जर्मनीत कोब्लेन्झला फ्रिडरिश श्विले नावाच्या संशोधकाने काचेच्या टाक्यांत वाळू आणि भेगाळ पाट्या भरून हे प्रयोग केले, तेव्हा जगाच्या हे ध्यानात आलं. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं 1988 साली. म्हणजे ही द्रव्यं कारखान्यांत आली, वापरली गेली, मागच्या अंगणात ओतली गेली, त्याला कितीतरी दशकं उलटून गेल्यावर ती जमिनीत कुठे जातात ते आपण शिकलो. तोवर समज असा होता की ती उडून जातात. उघड्या ताटलीत ओतली तर जातातच. जमिनीत ओतली तर जात नाहीत.

एक हिशेब सांगते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीई म्हणजे 1 किलो 460 ग्रॅम. ते सगळं विरघळलं तर त्या मर्यादेपर्यंत 29 कोटी लिटर पाणी बिघडवायला पुरतं. उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत दहा हजार लिटरचा टँकर येतो, असे एकोणतीस हजार टँकर. आणि 2012 मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने टीसीईला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, हे लक्षात घेतलं की लिटरभर गळतीला कुणी किरकोळ म्हणणार नाही.

आता भोपाळ. इथून, नागपुरातून, रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी तिथे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्रीबद्दल मी बोलणार नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. मी बोलणार आहे त्या रात्रीच्या आधी आणि नंतर जमिनीत जे मुरत राहिलं त्याबद्दल. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार करताना क्लोरोफॉर्म आणि सेविन हे कीटकनाशक तयार करताना कार्बन टेट्राक्लोराइड सॉल्व्हंट म्हणून वापरात होतं. कचरा आवारात पुरला जाई, आणि 1977 पासून आवाराबाहेर उत्तरेला बांधलेल्या बाष्पीभवनाच्या तलावांत सोडला जाई. म्हणजे वायुगळती झालीच नसती, तरी हा दुसरा अपघात चालूच होता.

आणि इथे आपल्या नागपूरचा संबंध येतो. वर्धा रोडजवळची आपली नीरी 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि 1974 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. देशात कुठेही पाणी बिघडलं की तिला हाक जाते. भोपाळच्या आवाराची पाहणी 1990 च्या दशकात नीरीनेच केली. 1997 च्या अहवालाने सांगितलं की आवारातली माती ठिकठिकाणी दूषित आहे, भूजल मात्र दूषित नाही. खाली चिकणमातीचा थर आहे, त्यातून दूषण भूजलापर्यंत पोचायला 23 वर्षं लागतील, असा हिशेब त्यात होता. कंपनीच्या अमेरिकी सल्लागारांनीसुद्धा मसुद्यावर शेरा दिला होता की वाईटात वाईट परिस्थितीत हे अंतर दोन वर्षांतही कापलं जाईल. 1999 मध्ये ग्रीनपीसने आसपासच्या विहिरी आणि हातपंपांचे नमुने तपासले. अटल अय्युब नगरच्या एका नमुन्यात कार्बन टेट्राक्लोराइड निघालं, लिटरला 3,410 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेच्या 1,705 पट.

मी हे नीरीला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या संस्थेतल्या माणसांकडून मी आयुष्यभर शिकत आले आहे, आणि पुढे 2010 मध्ये त्याच नीरीने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर पुन्हा पाहणी करून अकरा लाख टन माती दूषित असल्याचा आकडा देशासमोर ठेवला. मला बोलायचं आहे त्या 23 वर्षांच्या हिशेबाबद्दल, कारण तशी चूक उद्या मी करीन, तुमच्यातला कुणी तरुण करील. चिकणमातीचा गोळा प्रयोगशाळेत नेऊन त्यातून पाणी किती हळू झिरपतं ते मोजलं तर वर्षानुवर्षं लागतील असंच उत्तर येतं. पण आपण विदर्भातली माणसं. काळ्या मातीला मे महिन्यात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्या मातीतून पहिला पाऊस झिरपत नाही, तो भेगांतून सरळ खाली पडतो. शिवाय काही सॉल्व्हंट चिकणमातीला आकसवतात आणि स्वतःची वाट स्वतः करून घेतात. माझं मत असं आहे की हिशेब गोळ्याचा केला आणि जमीन भेगांची होती. सरांनी लोटा ओतून दाखवलेली भेग ती हीच.

भोपाळला पुढे काय झालं? 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याभोवतालच्या वस्त्यांना नळाचं स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं, तेही पुरतं पोचायला वर्षं गेली. आवारात साठवलेला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत बारा कंटेनरमध्ये भरून पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. देशभर बातम्या झाल्या की भोपाळ स्वच्छ झालं. मित्रहो, 337 टन ही गोदामातली पोती होती. अकरा लाख टन माती आणि तिच्याखालचं पाणी जागच्या जागी आहे.

तुम्ही विचाराल, पंप लावून ते पाणी उपसून का टाकत नाहीत? अमेरिकेत हेच केलं. 1980 मध्ये त्यांनी सुपरफंड नावाचा कायदा केला आणि शेकडो जागी पंप बसवले. पाणी वर काढायचं, हवेचा झोत देऊन किंवा कोळशातून गाळून स्वच्छ करायचं. 1994 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा 77 जागा तपासल्या. त्यातल्या 69 जागी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं. पंप चालू असताना आकडे उतरायचे, बंद केला की काही महिन्यांत पुन्हा चढायचे.

याचं कारण आपल्या आजीला सांगता आलं असतं. माठात एकदा रॉकेल ठेवलं तर तो माठ कितीही धुवा, राखेने घासा, उन्हात ठेवा, त्यातल्या पाण्याला रॉकेलचा वास येतोच. रॉकेल माठाच्या आत राहिलेलं नसतं, ते माठाच्या भिंतीत राहिलेलं असतं. कातळाचं तसंच. सॉल्व्हंट भेगेतून वाहतं, पण वाहता वाहता भेगेच्या दोन्ही बाजूंच्या दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. वीस वर्षं ते आत शिरत राहिलं असेल, तर भेगेतलं पाणी स्वच्छ केल्यावर वीस वर्षांहून जास्त काळ ते बाहेर येत राहतं. पंप भेग धुतो, भिंत तशीच राहते.

म्हणून आता जगात वेगळ्या वाटेने काम चालतं, आणि यातल्या दोन गोष्टी मला फार प्रिय आहेत.

पहिली कॅनडातली, वॉटर्लू विद्यापीठातली. विहिरीतून नमुना घ्यायला कोणती नळी बरी, हे बघायचा एक साधा अभ्यास चालला होता. कोणतं प्लास्टिक सॉल्व्हंट शोषतं, कोणतं नाही. त्यात असं दिसलं की काही धातूंच्या सान्निध्यात सॉल्व्हंट नुसतंच नाहीसं होतं. नमुना बिघडवतो म्हणून दुसऱ्या कुणी तो धातू बाजूला ठेवला असता. रॉबर्ट गिलहॅम यांनी उलटा विचार केला की नमुन्यातून नाहीसं होतं तर जमिनीतूनही होईल. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते सॉल्व्हंटच्या रेणूवरचा क्लोरीन तोडून काढतात, आणि शेवटी एथिलीनसारखा निरुपद्रवी वायू उरतो. 1991 मध्ये त्यांनी जमिनीत चर खणून लोखंडाचा कीस आणि वाळू भरली, वाहत्या भूजलाच्या वाटेत आडवी भिंत उभी केली, आणि त्यातून पाणी जाऊ दिलं. पंप नाही, वीज नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही कारागिराच्या पायाशी पडतो तसलाच हा बीडाचा कीस. अर्थात तो आधी तेल-ग्रीस काढून स्वच्छ करावा लागतो, आणि आपल्या कातळात चर खणणं वाळूत खणण्याइतकं सोपं नाही. पण वाट आहे.

दुसरी गोष्ट जिवाणूंची. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्याच गावच्या, इथाका गावच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातून एक जिवाणू वेगळा केला. प्राणवायू नसलेल्या जागी राहणारा, इवलासा. तो सॉल्व्हंटमधला क्लोरीन एकेक करून काढतो आणि त्यावरच जगतो. त्याला खायला हायड्रोजन लागतो, आणि तो तयार व्हावा म्हणून जमिनीत कुजणारं काहीतरी सोडावं लागतं. काय सोडतात? साखर कारखान्याची मळी. किंवा पाण्यात घुसळून दुधासारखं केलेलं सोयाबीनचं तेल. विदर्भाच्या शेतकऱ्याला जिने हसवलं आणि रडवलं ती सोयाबीन! तिचं तेल बोअरमधून खाली सोडलं की वर्षानुवर्षं ते भेगांत चिकटून राहतं आणि जिवाणूंना पोसतं. यात धोका एकच, तो मोठा आहे. काम अर्धवट राहिलं तर मधल्या टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइड साचतं, आणि ते मूळ टीसीईपेक्षा वाईट. म्हणून तेल ओतून निघून जाता येत नाही, दर काही महिन्यांनी मोजावं लागतं.

मोजण्याबद्दल मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावात एका शेतकऱ्याच्या विहिरीवर आम्ही गेलो होतो. तो म्हणाला, “बाई, पाण्याले गोड वास येते जी. पन दिसाले काचेवानी.” मी पाण्यात वाकून वास घेतला, मला जाणवला नाही. दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरला, जीपच्या मागच्या भागात ठेवला. दुपारचं ऊन, आणखी चार गावं, मग प्रयोगशाळा. क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, जिवाणू, सगळं मर्यादेत. मी त्याला लिहून दिलं, पाणी पिण्यायोग्य आहे.

त्या कॅनमध्ये सॉल्व्हंट असतं तरी मला सापडलं नसतं. एक म्हणजे मी ते शोधतच नव्हते. नेहमीच्या तपासणीत ते शोधलं जात नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. दुसरं म्हणजे प्लास्टिक आणि ऊन यांच्यात ते वाटेतच उडून गेलं असतं. दोन वर्षांनी मी योग्य बाटली घेऊन परत गेले तोवर त्याने ती विहीर बुजवून टाकली होती. त्याने माझ्या कागदावर विश्वास ठेवला नाही, नाकावर ठेवला. त्याचं बरोबर होतं की चूक, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

आणि दूषण सापडलंच, तर सफाईचा खर्च कुणाचा? दूषण करणाऱ्याने पैसे द्यायचे, हे तत्त्व आपल्या देशात पक्कं झालं ते राजस्थानातल्या बिछडी गावाच्या विहिरींमुळे. सर्वोच्च न्यायालयाचा 13 फेब्रुवारी 1996 चा निकाल. तिथे सॉल्व्हंट नव्हतं, रंग तयार करण्यासाठी लागणाऱ्या एच-अ‍ॅसिडचा गाळ होता, विहिरींचं पाणी गर्द रंगाचं झालं होतं. सफाईच्या खर्चाचा, सुमारे 37 कोटींचा, अंदाज नीरीच्याच अहवालाच्या आधारे न्यायालयासमोर आला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच प्रकरणात पुन्हा निकाल द्यावा लागला, व्याजासकट पैसे भरा म्हणून. पंधरा वर्षं तत्त्व होतं, पैसे नव्हते. बिछडीचं पाणी निदान रंगाने ओरडत होतं. आपल्या तिसऱ्या बरणीतलं काही बोलत नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. देशात अशा 103 जागांची नोंद आहे आणि त्यातल्या सात जागीच काम सुरू झालं आहे. नियम आले हे चांगलंच झालं. पण ते जागा दूषित सापडल्यानंतरचे आहेत, आणि सापडायला कुणीतरी शोधावं लागतं.

आता घरी येऊ. नागपूर हे शहर दोन जमिनींच्या सांध्यावर वसलेलं आहे. पश्चिमेला बेसाल्टचा काळा कातळ, पूर्वेला जुने पट्टिताश्म. सीताबर्डीची टेकडी म्हणजे लाव्हाच. त्या लाव्हाच्या थरांच्या मधे तळ्यांचा गाळ दबलेला आहे. इथल्या टाकळीच्या अशा थरांतले जीवाश्म गोळा करून स्टीफन हिस्लॉप यांनी 1855 च्या सुमारास लंडनला निबंध पाठवला. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा शेवट कसा झाला हे फार थोड्यांना माहीत असतं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. टाकळघाट कुठे, तर आजच्या बुटीबोरीच्या शेजारी.

सर हे सांगताना दर वेळी थांबायचे. आमच्या शहराचं भूशास्त्र ज्याने सुरू केलं तो माणूस जिथे गेला, त्याच परिसरात पुढे राज्यातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक उभी राहिली. लाव्हाचे थर तिथेही आहेत. वर मुरूम, खाली सांधे-भेगांचा कातळ, मधे कुठे लाल मातीचा पातळ थर. जड द्रव साचायला आणि पुढे सरकायला याहून सोयीची रचना कुणी मांडून दिली नसती. भोवती कापूस आहे, सोयाबीन आहे, संत्र्याच्या बागा आहेत, आणि बागवान दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल नेतो. बोअर खोल नेणं म्हणजे वरचा थर आणि खालचा थर यांच्यामधे नळी घालणं. जे वर अडलं असतं त्याला आपण हाताने खाली वाट करून देतो.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कुठल्या कारखान्यावर आरोप करायला मी इथे आलेले नाही. माझं मागणं एवढंच आहे की त्या दोन्ही वसाहतींभोवती निरीक्षण विहिरींचं कडं असावं. पाण्याची उतरती दिशा ज्या बाजूला, तिकडे दाट. प्रत्येक विहिरीत उथळ आणि खोल अशा वेगळ्या नळ्या, एकमेकींत मिसळू न देता. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सॉल्व्हंटसाठी तपासणी, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. केंद्रीय भूजल मंडळाचं कार्यालय याच शहरात आहे, नीरी इथे आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. 2009 चा राज्याचा भूजल कायदा भूजल दूषित करायला मनाई करतो. माणसं आहेत, यंत्रं आहेत, कायदा आहे. नमुने नाहीत.

म्हणून मी आज या बाटल्या आणल्या आहेत. चाळीस मिलिलिटरच्या, तपकिरी काचेच्या. नमुना घ्यायचा तो असा. बाटली तिरकी धरून पाणी काठाने सावकाश सोडायचं, खळखळ होऊ द्यायची नाही. तोंडाशी पाण्याचा फुगा उभा राहीपर्यंत भरायची. झाकण सरकवून बसवायचं, घट्ट करायचं. मग बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि उजेडात धरायची. आत हवेचा एक जरी बुडबुडा दिसला, तरी ती बाटली बाजूला ठेवायची आणि दुसरी भरायची, कारण सॉल्व्हंट त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. नंतर बर्फात ठेवायची, आणि उन्हात न्यायची नाही.

या सभागृहाच्या मागे विहीर आहे, आणि तिला अजून पाणी आहे. ज्या विद्यार्थ्यांना हे शिकायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मागच्या दाराशी यावं. दोरी आणि पोहरा मी आणला आहे. बाटल्या चोवीस आहेत.